ऑपरेशन कधी आहे?

कोल्हापुरात राजारामपुरीत म्हणा, महाद्वार रोडला म्हणा, आजारी मुलांच्या घरांसाठी देणगी मागायला पावतीपुस्तक बाहेर काढलं की पहिला प्रश्न हाच, ‘पोराचं ऑपरेशन कधी आहे ओ?’ आता तुम्ही पण विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

ऑपरेशन नाहीये. काही मुलांचं करतात, पाय फारच आखडले तर, पण आम्ही ज्या घरांसाठी फिरतो तिथली बरीचशी मुलं सेरेब्रल पाल्सीची आहेत, म्हणजे सीपी, मेंदूच्या इजेमुळं हातपाय नीट हलत नाहीत. त्यात मेंदूला एकदा जी इजा झाली, जन्माआधी नाहीतर जन्मताना ऑक्सिजन कमी पडून नाहीतर नंतर कावीळ मेंदूपर्यंत जाऊन, ती भरून येत नाही. वाढत पण नाही. पण पोरगं वाढतंय ना! हाडं लांब होतात, आखडलेले स्नायू मागं राहतात, म्हणून रोजचं स्ट्रेचिंग, फिजिओ, आणि पाऊल मोठं झालं की परत नवीन स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरणारा आधार. (‘मागच्या वर्षी दिलंतं की!’ हे वाक्य मी लई वेळा ऐकलंय.) फिट येणाऱ्यांचं आणि वेगळं, औषध रोज ठरल्या वेळेला, मधेच मनानं बंद केलं तर फिट वाढतात, कधी थांबतच नाहीत.

आता चंदगडकडची एखादी आई धरा, काजूच्या फॅक्टरीत कामाला. थेरपीला कोल्हापूरला यायचं म्हणजे पहाटेची एसटी, पोरगं कडेवर, स्टँडवरनं रिक्षा, आणि तिकडं कामावर खाडा. खाडे वाढले की काम सुटतं. हॉस्पिटलच्या बिलात यातलं काय दिसतं सांगा? म्हणून आम्ही रिक्षाचे पैसे देतो, किराणा भरतो, कधी घरभाडं पण. हॉस्पिटलच्या नावानं चेक द्यायला सगळे तयार, किराण्याचं नाव काढलं की ‘ते पैसे कुठं जातात काय माहीत’. मला ह्याचा राग येतो, खरंच सांगते, कारण घरी रोज त्या पोराचे हातपाय हलवते, व्यायाम करून घेते ती तीच बाई.

सरकारी योजना आहेत की. नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा आहे, १ लाखापर्यंत, ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता ह्यांच्यासाठी, आणि थेरपी पण त्यात बसते. फॉर्म आम्हीच भरून देतो. पण आधी खिशातनं घालायचे, मग बिलं जोडायची, मग पैसे. ज्याच्याकडं घालायलाच नाहीत त्यानं काय करायचं? आणि नुसत्या फिट येणाऱ्या मुलाला त्यात जागाच नाही.

फ्लेक्सवर पोराचा फोटो लावा, दुप्पट जमतील, असं पण सांगतात. जमतील कदाचित. आपल्याकडं वाढदिवसाला चौक झाकून टाकतात, त्यात हा एक. पण ते पोरगं त्याच गल्लीत राहतं, आणि सीपी आहे म्हणजे बुद्धी कमी असं प्रत्येकाचं नसतं, त्याला सगळं कळतं. आम्ही नाही लावत.

बाकी पावतीचं: रोख २००० च्या वर दिलेत तर देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत (८०जी) मिळत नाही, ऑनलाइन टाका. नवीन टॅक्स रेजिममध्ये असाल तर तसंही काही नाही. आणि मंडळाच्या पोरांनो, गणपतीत एकदम पाच हजार देऊन स्टेजवर नारळ घेण्यापेक्षा महिन्याला चारशे लावा, वर्षभर. मे महिन्यात आमच्याकडं कुणी फिरकत नाही आणि औषधवाला उधार देत नाही.