पाच चाचण्यांची सरासरी आणि सहावी चाचणी

परवा संध्याकाळी माझी भाची गणिताची वही घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही, पण चूक कुठे झाली तेच सापडत नाहीये." उदाहरण असे होते: एका विद्यार्थ्याच्या पहिल्या ५ चाचण्यांतील गुणांची सरासरी ७२ आहे, सहावी चाचणी दिल्यानंतर सर्व चाचण्यांची सरासरी ७५ झाली, तर सहाव्या चाचणीत त्याला किती गुण मिळाले? तिने ७२ मध्ये 'क्ष' मिळवून, त्या बेरजेला २ ने भागून, ते ७५ बरोबर मांडले होते आणि उत्तर ७८ काढले होते. पुस्तकाच्या शेवटी ९० छापलेले होते.

तिच्या आकडेमोडीत कोठेही दोष नव्हता. दोन संख्यांची सरासरी कशी काढतात, हे तिला पक्के ठाऊक होते. फक्त ७२ ही एकच संख्या आहे असे तिने धरले होते, आणि तिच्यामागे पाच चाचण्या उभ्या आहेत हे तिच्या ध्यानात आले नव्हते. ही चूक निष्काळजीपणाची नाही, म्हणून ती केवळ खोडून पुढे जाणे मला योग्य वाटले नाही. योग्य समीकरण लिहून देण्याचा मोह मलाही झाला, परंतु तसे केले असते तर वहीतील उत्तर सुधारले असते आणि तिचा समज मात्र आहे तसाच राहिला असता.

म्हणून मी तिला विचारले, "सरासरी ७२ आहे, म्हणजे त्याला प्रत्येक चाचणीत ७२ मिळाले का?" ती लगेच म्हणाली, "नाही, कुठे कमी, कुठे जास्त." "मग या ७२ वरून आपल्याला नक्की काय कळतं?" या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मीही मुद्दाम काही बोलले नाही. शेवटी ती म्हणाली, "पाचही वेळा ७२ मिळाले असते, तरी एकूण गुण तेवढेच झाले असते." सरासरीची याहून चांगली व्याख्या मला सांगता आली नसती. त्यानंतर तिला माझी गरज उरली नाही. पाच चाचण्यांचे एकूण गुण ५ × ७२ = ३६०, सहा चाचण्यांचे ६ × ७५ = ४५०, आणि फरक ९०.

तरीही ७८ का चुकले, हे तिला डोळ्यांनी दिसावे असे मला वाटत होते. मी कागदावर ७२ उंचीचे पाच स्तंभ आणि त्यांच्या शेजारी ७८ उंचीचा सहावा स्तंभ काढला. सगळे स्तंभ एका पातळीवर आणायचे, तर सहाव्याजवळ इतरांपेक्षा केवळ ६ जास्त आहेत. ते सहा जणांत वाटले की प्रत्येकाला १ मिळतो आणि सरासरी ७३ वरच थांबते. ती ७५ व्हायची असेल, तर सहाव्या स्तंभाने स्वतः ७५ वर राहून उरलेल्या पाच जणांना प्रत्येकी ३ द्यायला हवेत, म्हणजे त्याची उंची ७५ + १५ = ९० असायला हवी. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आल्याचे पाहून तिचा चेहरा खुलला.

पातळी सारखी करण्याची ही कल्पना फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त, ज्या खड्ड्याच्या बाजू समान नाहीत त्याची मापे अनेक ठिकाणी घेऊन, त्यांच्या बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागायला सांगितले आहे. तेथील उदाहरणात तीन ठिकाणची लांबी १०, ११ आणि १२ हात आहे, तिची सरासरी ११. रुंदीची सरासरी ६, खोलीची ३, म्हणून घनफळ १९८ घनहस्त. ओबडधोबड खड्ड्याच्या जागी सरळ बाजूंचा खड्डा मानायचा, हेच आमच्या स्तंभांनीही केले होते.

पुढचे उदाहरण दोन तुकड्यांचे होते: ३० जणांची सरासरी ६० आणि २० जणांची ७०, तर सर्वांची किती? ६५ हे उत्तर तिच्या ओठांवर आले होते, पण तिने आपणहून थांबून १८०० आणि १४०० यांची बेरीज केली, ५० ने भागले आणि ६४ लिहिले. तेव्हा मी तिला पुस्तकाबाहेरचे एक उदाहरण घातले: जाताना ताशी ६० किलोमीटर आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ४० किलोमीटर, तर सरासरी वेग किती? येथे ५० म्हणण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. अंतर १२० किलोमीटर धरले, तर जायला २ तास, यायला ३ तास, म्हणजे ५ तासांत २४० किलोमीटर आणि वेग ४८. हे तिला आधी पटले नाही. कमी वेगाने जास्त वेळ जातो, त्यामुळे ४० चे वजन अधिक पडते, हे तिने अंतर बदलून पुन्हा करून पाहिले तेव्हाच तिने मान्य केले.

शेवटच्या उदाहरणात २० जणांच्या गुणांची सरासरी ६१ दिली होती, आणि एकाचे ८४ गुण चुकून ४८ असे धरले गेले होते. मी १२२० ही बेरीज मांडू लागले, तोच ती म्हणाली, "मावशी, थांब ना. त्याचे ३६ गुण कमी धरले गेलेत, ते वीस जणांत वाटले की झालं." तिने ६१ मध्ये १.८ मिळवून ६२.८ लिहिले. मग माझ्या आग्रहाखातर १२५६ ला २० ने भागूनही पाहिले, आणि वही मिटली.