काडतूस बॅरलला विचारून घ्या

५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि .२२ कॅलिबरची बुलेट ५.६ मिलिमीटरची. बुलेटची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतो, म्हणजे बुलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकलेला चालतो. सगळे शॉट दहात हवे असतील तर ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पसारा, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरमध्ये मावला पाहिजे, तोही बरोबर मधोमध. यात नेमबाजाचा श्वास, नाडी, वारा काहीच धरलेलं नाही. म्हणून शिकंजात पकडलेल्या रायफलने दहा शॉटचा ग्रुप १५-१६ मिलिमीटरमध्ये दिला, तरच नेमबाजाच्या वाट्याला थोडी जागा उरते. दशांश गुणांत तर ०.८ मिलिमीटर सरकलं की ०.१ गेला. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं ते ४५१.४ गुणांवर; त्या पातळीवर हिशेब दशांशातच चालतो.

नागपुरात नवी .२२ घेणारा पहिला प्रश्न विचारतो, सगळ्यात महाग डबा कोणता? हा प्रश्नच चुकीचा आहे. एली टेनेक्स, लापुआ, आरडब्ल्यूएस आर५० ही सगळी उत्तम काडतुसं आहेत, पण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे एकेका खेपेत बनलेल्या काडतुसांमध्ये, जो फरक असतो तो कधीकधी दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. डब्यावरच्या नावापेक्षा त्यावरचा लॉट नंबर महत्त्वाचा. आणि तुमच्या बॅरलला आवडलेला लॉट शेजारच्या लेनमधल्या, त्याच मॉडेलच्या रायफलला आवडेलच असं नाही.

याचं मुख्य कारण वेग. मॅच काडतुसाची बुलेट सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. ५० मीटर गाठायला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटरचा फरक पडला तर हे खाली येणं ७-८ मिलिमीटरने बदलतं, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक गुण गेला. ग्रुप आडवा नीट पण उभा लांबट येत असेल, तर आधी वेगाच्या चढउतारावर संशय घ्या. बॅरलची थरथर यातला थोडा फरक खाऊन टाकते, पण कोणत्या बॅरलची किती हे कागदावर कळत नाही. त्यासाठी गोळ्या झाडूनच पाहावं लागतं.

हाय व्हेलॉसिटी लिहिलेले डबे टार्गेटसाठी नकोतच. ती बुलेट ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डगमगते. ध्वनीचा वेग १० अंशांना साधारण ३३७ मीटर, तर ४५ अंशांना ३५८ च्या आसपास असतो. म्हणजे मे महिन्यात अंतर भरपूर असतं, पण जानेवारीतल्या पहाटे ३३५ च्या आसपास चालणारा वेगवान लॉट अगदी काठावर येतो.

उन्हाळ्याचा त्रास वेगळा आहे. .२२ च्या बुलेटला बाहेरून मेण किंवा चरबीचा पातळ थर असतो. नवतप्यात बंद गाडीच्या डिक्कीत डबा राहिला की हा थर मऊ होऊन खाली केसवर, म्हणजे पितळी नळीवर, उतरतो. बुलेट कोरडी पडते, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) चिकट होतं, आणि तापलेल्या पावडरमुळे वेगही वाढतो. चांगला लॉट एका दुपारीत खराब होतो. डबे थर्माकोलच्या पेटीत, बर्फ न घालता ठेवा. बर्फाने काडतुसांवर दव धरतं. काडतूस केसला धरून उचला, बुलेटला बोट लावू नका. खाली पडलेलं काडतूस बाजूला ठेवा, कारण मेणाला चिकटलेली रेती थेट बॅरलमध्ये जाते.

आता बॅरल. .२२ मधली चिमूटभर पावडर ४०-४५ सेंटिमीटरच्या आतच जळून संपते, त्यामुळे ६५ सेंटिमीटरचं बॅरल वेगासाठी नसतं. ती लांबी नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइट एकमेकींपासून लांब ठेवण्यासाठी आणि तोल पुढे आणण्यासाठी असते. जाड बॅरल स्थिर वाटतं, पण ५० मीटरला रायफलच्या वजनाची मर्यादा ८ किलो आहे आणि ते वजन उभ्या पोझिशनमध्येही पेलायचं असतं.

ट्विस्ट म्हणजे बुलेट किती लांबीत एक पूर्ण फेरी घेते ते. ग्रीनहिलचं १८७९ चं साधं सूत्र आजही अंदाजाला पुरतं: बुलेटच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले बुलेटची लांबी. ५.६ चा वर्ग ३१.३६, लांबी साधारण ११.७ मिलिमीटर, उत्तर येतं ४०२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १६ इंच. .२२ ची बहुतेक बॅरल १६ इंचांत एक फेरी देणारी का असतात, ते इथे दिसतं. इथे वेगळं काही शोधत बसू नका.

जुनी रायफल घेताना मात्र बॅरल हाताने तपासा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा, मऊ शिशाची गोळी मागून घाला आणि रॉडने हळूहळू पुढे ढकला. हाताला सगळीकडे एकसारखा दाब लागला पाहिजे, तोंडाजवळ किंचित जास्त घट्ट असेल तर छानच. मध्येच गोळी सैल पळाली तर ते बॅरल सोडा. मग क्राउन, म्हणजे तोंडाची कड, भिंगाखाली पाहा. पुढून रॉड घालून साफ केलेल्या बॅरलची कड एका बाजूने घासलेली दिसते, आणि तिथे गॅस एकीकडून आधी निसटून बुलेटला ढकलतो.

चेंबरच्या पुढच्या टोकाला कार्बनचं कडं साठतं, आणि एरवी नीट चालणाऱ्या रायफलच्या अचानक येणाऱ्या फ्लायरमागे, म्हणजे ग्रुपबाहेर पडणाऱ्या एखाद्या शॉटमागे, पुष्कळदा तेच असतं. बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून मागूनच साफ करा. सॉल्व्हंटचा पॅच तिथे काही मिनिटं राहू द्या, मग ब्राँझ ब्रशचे मोजके हात. साफ केल्यावर पहिले १०-२० शॉट ग्रुपमध्ये धरू नका. मेणाचा थर बॅरलमध्ये पुन्हा बसायचा असतो. ब्रँड बदलला तरी तसंच, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं.

लॉट तपासायला ५० चा एक डबा अगदी बरोबर पुरतो. पहिले १० बॅरल बसवायला, उरलेल्या ४० चे दहा-दहाचे चार ग्रुप. पाच शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका. त्याच रायफलचा दहा शॉटचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो, आणि पाचातला एखादा सुंदर ग्रुप निव्वळ नशिबाचा असू शकतो. चारही ग्रुप एकावर एक ठेवून ४० भोकांचा एकच ग्रुप मोजा, निर्णय त्यावर. शिकंजा नसेल तर रेस्टवर, सकाळी लवकर, कारण ऊन चढलं की वारा आणि मिराज (तापलेल्या हवेची लहर) दोन्ही चाचणी बिघडवतात. पाच लॉट तपासायचे तर २५० काडतुसं जातात. परवान्यावरच्या मोजक्या काडतुसांत हे जिवावर येतं, तरी वर्षभर चुकीचा लॉट झाडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चाचणीपूर्वी स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने, रायफलच्या कंपनीने दिलेल्या आकड्यावर घट्ट करा आणि तो आकडा वहीत लिहा. टॉर्क बदलला की बॅरलची थरथर बदलते आणि कालचा आवडता लॉट आज पसरतो.

३०० मीटरचं गणित वेगळं. तिथे दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं आणि कॅलिबर ८ मिलिमीटरपर्यंत चालतं. .३०८ काडतुसाच्या १७५ ग्रेन बुलेटला ११-१२ इंचांचा ट्विस्ट पुरतो. ६ मिलिमीटर बीआर काडतुसाच्या १०५ ग्रेनच्या लांब बुलेटला ८ इंचांचा लागतो. सहाचा धक्का कमी, म्हणून साठ शॉटच्या मॅचला मी तिलाच कौल देईन. बॅरल मात्र .३०८ पेक्षा लवकर झिजतं, ते खर्चात धरा.

लॉट ठरला की त्याच नंबरचे मिळतील तेवढे डबे एकदम घ्या. प्रत्येक डब्यावर तारीख आणि तपासलं त्या दिवसाचं तापमान लिहा. मे मध्ये निवडलेल्या लॉटचे २० शॉट डिसेंबरच्या थंडीत पुन्हा झाडा. बालेवाडीला मॅच असेल तर मॅचपूर्वी तिथेही, कारण पुण्याची हवा नागपूरइतकी तापत नाही आणि साइटचे एक-दोन क्लिक हमखास बदलतात.