तुम्ही विचारलंत म्हणून : औषध नव्हतं, मग ती माणसं तिथे करत काय होती?

क्षयाच्या इतिहासावर कुठेही बोला, हा प्रश्न ठरलेला. "क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. मग अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या त्या ज्यू सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या रुग्णालयात, चाळीस वर्षं रोगी नुसती हवा खात पडून होते का?" विचारणारा बहुधा थोडा हसत असतो.

हवा खात होते, कबूल. पण "नुसती" या शब्दाचा आता वीट आलाय.

विश्रांती म्हणजे लोळणं नव्हे. तो मोजूनमापून दिलेला उपचार होता. रोज ठरल्या वेळी ताप बघायचा, संध्याकाळचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो चढला की अंथरूण सोडायचं नाही, कधीकधी केससुद्धा दुसऱ्याने विंचरायचे. बरेच दिवस ताप नसेल तर चालायला परवानगी, तीही मिनिटांत. झोपणं उघड्यावर. सुरुवातीला तर राहणंच तंबूत, खाली लाकडी जमीन आणि वर कापड. अशा झोपण्यात थंडी अंगावरच्या पांघरुणातून शिरत नाही, खालच्या गादीतून शिरते. म्हणून गादीखाली वर्तमानपत्रांचे थर घालायचे. हे न करणारा रात्रभर कुडकुडायचा आणि दोष हवेला द्यायचा.

थुंकीचंही तसंच. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कागदी वाटी, आणि रोज ती वाटी बेडक्यासकट जाळायची. रुमालात थुंकायचं नाही, कारण वाळलेल्या थुंकीची धूळ होते अशी तेव्हाची समजूत. खरा धोका खोकल्यातून उडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांचा, हे पुढे कळलं. चार लोकांत डबा काढायची लाज वाटली की माणूस बेडका गिळायचा, आणि त्यातून रोग आतड्यात उतरायचा. डब्याबद्दल एवढा काच होता तो यासाठी.

आता मूळ गोष्ट, म्हणजे दाराची आणि स्वयंपाकघराची. डेन्व्हरमध्ये ज्यूंची क्षयासाठी मोफत संस्था आधीपासून होती. नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल, १८९९ मध्ये उघडलेलं. पण तिथे घ्यायचे ते रोगाच्या पहिल्या पायरीवरचे रोगी, तेही ठरावीक मुदतीपुरते. न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांतून जवळपास तीन हजार किलोमीटर रेल्वेने आलेला, रक्त ओकणारा माणूस त्या नियमात बसत नव्हता. अशांसाठी १९०४ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी ज्यूइश कन्झम्प्टिव्ज रिलीफ सोसायटी काढली. प्रश्नातलं सॅनेटोरियम ते हिचंच. संस्थापकांपैकी कित्येक स्वतःच क्षयाचे रोगी. नियम असा की पायरी कोणतीही असो, घ्यायचं, आणि पैसा मागायचा नाही. कारभार डॉ. चार्ल्स स्पिवाक यांनी मरेपर्यंत, १९२७ पर्यंत, ओढला.

आणि स्वयंपाक कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांप्रमाणे. सगळ्यात जास्त भांडण यावरून. "मरणाऱ्याला सोवळं कशाला?" हे मला आजही ऐकवलं जातं. ज्यू धर्मशास्त्र खुद्द सांगतं की जीव वाचवायचा असेल तर खाण्याचे नियम मोडावेत. मग एवढा खटाटोप का?

खटाटोप काय होता ते आधी बघा. शास्त्राप्रमाणे कापलेलं मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, तासभर मीठ लावून उतरत्या फळीवर ठेवायचं म्हणजे रक्त निथळतं, मग तीनदा धुवायचं. काळीज मिठाने भागत नाही, ते आगीवरच भाजावं लागतं. अंडं आधी पेल्यात फोडून बघायचं, रक्ताचा ठिपका दिसला की टाकून द्यायचं. कच्ची अंडी गिळायला देण्याच्या त्या काळात हे काम किती वाढलं असेल! दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, धुणंही वेगळं. खरी गोची पुढेच. पूर्व युरोपातल्या रिवाजात मांस खाल्ल्यावर सहा तास दूध नाही, आणि क्षयाचा आहार म्हणजे दिवसभर दूध! दुपारी बाराला मांस वाढलं तर तीनचा दुधाचा पेला गेला. आजाऱ्याला सहाचा एक तास करायची सूट शास्त्रात आहे, पण ती घ्यायला सगळेच तयार होतील असं नाही.

मग सोपं काय? सवलत आहे असं सांगून बिनकोशर वाढणं. पण ताट सरकवणाऱ्या माणसाला शास्त्र ऐकवून त्याचं वजन वाढत नाही, आणि औषध नसताना वजन हाच उपचाराचा काटा होता. गंमत म्हणजे स्पिवाक स्वतः रशियातून पळून आलेले क्रांतिकारक, देवधर्म न मानणारे. त्यांनी कोशर चालवलं ते रोग्यासाठी. आपल्याकडे सोवळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी, मीही त्यातच, इथे जरा थांबावं.

थांबायचं आणखी एक कारण आहे. मी पूर्वी ठासून सांगत असे की दोन संस्थांचे बरे झाल्याचे आकडे शेजारी ठेवा म्हणजे कोण चांगलं ते कळेल. चूक होती ती. एकीकडे दारातच निवड, दुसरीकडे दार सताड उघडं. मरणाऱ्याला आत घेतलं की आकडा खाली येणारच. संस्थेला स्वतःचं दफनस्थान लागलं, यावरूनच काय ते समजा.

पण उलट बाजूही मला सोडत नाही. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला बायकोमुलांपासून एवढं दूर नेणं, ही दया कुणावर? मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवलं की घरी राहून औषध घेणारेही सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात, आणि घरच्यांना संसर्गही जास्त होत नाही. हे सांगितलं की टाळ्या पडतात: बघा, सॅनेटोरियम फुकटच! अहो, तिथे आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध होतं. १९०४ मध्ये घरी काय होतं? एका खोलीत सगळं कुटुंब, त्यातच शिवणयंत्र, त्यावर खोकणारा बाप.

तरीही त्या बापाला विचारलं असतं तर तो डेन्व्हरला गेला असता का, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, नक्की गेला असता. कधी वाटतं, पाठवणाऱ्यांनी परतीचं तिकीटही दिलं असतं, तर निम्मे महिन्याभरात परतले असते.