कुलाब्यावरच्या त्या तोफा कान्होजींच्या नव्हेत

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. ‘कान्होजी आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून त्यांच्यापुढे सर्रास फोटो निघतात. तोफेवरची अक्षरं वाचायला मात्र कुणी वाकत नाही. तिथे लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर असं आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ साली आणि कान्होजी गेले १७२९ मध्ये. अक्षरांत गंज बसलाय, भर दुपारी ती दिसत नाहीत; ऊन तिरपं असताना बाजूने बघा.

मग तोफेचा कान शोधा. मागच्या टोकाकडे वरच्या अंगाला बत्ती द्यायचं जे बारीक भोक असतं, तो कान. तोफ शत्रूच्या हाती लागणार असं दिसलं की त्यात खिळा ठोकत. नळी धडधाकट, पण तोफ मुकी! मुलांना तोफेवर बसवू नका, खाऱ्या हवेने बिडाचे पापुद्रे सुटतात आणि ते कापतात.

आंग्र्यांच्या काळचं खरं शस्त्र म्हणजे इथला तट. मोठाले चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून इथे चालून आले, तेही हात हलवत परतले. उत्तरेच्या खडकावरचा छोटा सर्जेकोट किल्ला बहुतेक लोक टाळतात, ते चूक. त्या खडकावर शत्रूने तोफा चढवल्या असत्या तर मुख्य किल्ला थेट माऱ्यात आला असता, म्हणून तोही बांधून काढला.

आता जायचं कधी? किल्ला समुद्रात आहे, चालत जायचं तर ओहोटीलाच. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला ओहोटी ऐन बाराला येते. वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची. पाणी पुरतं ओसरतच नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. द्वितीया ते चतुर्थी सकाळी किंवा त्रयोदशी-चतुर्दशीला दुपारनंतर जाणं उत्तम. पावसाळ्यात हा नाद नकोच.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावरून निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात किल्ला सोडा. भरतीचा पहिला तास संथ असतो, तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने चढतं. दरवाजासमोर वाळू कोरडी दिसते म्हणून लोक रेंगाळतात, आणि तोवर मधला सखल पट्टा भरलेला असतो. पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. चप्पल चिखलात रुतते, अनवाणी गेलात तर कालवं तळवे फाडतात. घोडागाडीने गेलात तरी गाडीवाल्याला परतीची वेळ आधीच विचारून ठेवा. पाणी वळलं की तो थांबत नाही.