काकूंचे दोन दर

एम.ए.चा प्रबंध परवा जमा केला. विषय शाश्वत विकासाचं अर्थशास्त्र. दिवसभर बँकेत कर्जप्रकरणं आणि रात्री जेवणं आटोपली की पुस्तकं, अशी दोन वर्षं गेली. खूप वाचलं, पण मनात ठाण मांडून बसला तो वटावाचा दर.

बँकेत वटाव आमच्या रोजच्या कामातला. पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायची. पाच वर्षांच्या कर्जाला हे ठीक आहे. शंभर वर्षांना लावलं की पोटात गोळा येतो. इंदूर महापालिकेने २०२३च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित रोखे काढले, व्याज ८.२५ टक्के. नर्मदाकाठच्या जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा, म्हणजे नर्मदेचं पाणी आपल्या इंदूरपर्यंत चढवायला लागणाऱ्या विजेचा खर्च कमी होईल. नदी सत्तर किलोमीटर लांब, आणि गाव तिच्यापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच. तोच ८.२५ टक्के दर धरून मी एका रात्री वहीत मांडलं: शंभर वर्षांनी होणाऱ्या एक लाखाच्या नुकसानाची आजची किंमत किती? ३६ रुपये, म्हणजे ते टाळायला आज त्याहून जास्त खर्च परवडत नाही. महागाई वजा करून सव्वातीन टक्के धरला, तर चार हजार. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६च्या हवामान अहवालात धरलेल्या १.४ टक्क्यांनी जवळजवळ पंचवीस हजार. नुकसान तेच, माणसं तीच, फक्त दर बदलला. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांचं म्हणणं, दर बाजारात दिसतो तोच धरावा. केंब्रिजचे गणिती फ्रँक रॅम्झी यांनी तर १९२८ मध्येच, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लिहून ठेवलं होतं की केवळ नंतर येतं म्हणून पुढचं सुख कमी लेखणं नीतीला धरून नाही. मी रॅम्झींच्या बाजूची आहे, हे प्रबंधातही लपवलं नाही.

प्रबंधासाठी रामबागेत चाळीस घरी गेले. पहिला प्रश्न: आज हजार रुपये घ्याल की दहा वर्षांनी तीन हजार? दुसरा: छतावरचं पाणी जमिनीत मुरवायला आज पैसे घालाल का, ज्याचा उपयोग वीस वर्षांनी इथे राहणाऱ्यांना होईल?

मागच्या गल्लीतल्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. चहाचं आधण ठेवलेलं, हातात आल्याचा तुकडा, तो खलबत्त्यात ठेचता ठेचता त्या पहिल्याला म्हणाल्या, "आजच दे गं बाई, दहा वर्षांनी मी कुठे असणार?" मी आकडा लिहिला. दहा वर्षांनी मिळणारी तिप्पट रक्कम सोडली, म्हणजे दर अकरा टक्क्यांच्या वर गेला. दुसरा प्रश्न विचारला तर त्यांनी बत्ता खाली ठेवला आणि मला मागच्या अंगणात नेलं. पन्हाळीचं पाणी कुठे पडतं ते दाखवलं. "इथे खड्डा केला तर आंब्याच्या मुळांना धक्का लागेल का? की नळी भिंतीकडून घ्यायची?" वीस वर्षांनी मी कुठे असणार, हे त्यांच्या तोंडून आलंच नाही. चहा मात्र उतू गेला.

चाळीसपैकी सव्वीस घरांत थोड्याफार फरकाने हेच. स्वतःच्या पैशाला चढा दर, पाण्याला जवळपास शून्य. मार्गदर्शक सर म्हणाले, सरासरी काढून एकच दर द्या, तक्ता सुटसुटीत होईल. त्यांचा अनुभव मोठा आहे, तरी मी दोन रकाने ठेवले. सरासरीत काकूंचं अंगण दिसलं नसतं. आणि महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत पाण्याच्या प्रकल्पांना जेव्हा पहिल्या रकान्यातला दर लागतो, तेव्हा लोकांनी दुसऱ्या रकान्यात काय सांगितलं ते कुणी विचारलेलंच नसतं.

काकूंकडे मेअखेरीस गवंडी येऊन गेला. नळी भिंतीकडूनच घेतली.