मॉर्मन चर्चमधली वर्णबंदी पहिल्यापासूनचीच होती का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. अमेरिकेत सुरू झालेल्या या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची स्थापना १८३० ची, आणि कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नाकारण्याची जाहीर घोषणा १८५२ ची. मधल्या काळात हे पद मिळालेली कृष्णवर्णीय माणसं होती, हे आधी लक्षात घ्या.

नाकारलं नेमकं काय, तेही नीट समजून घ्यायला हवं. या चर्चमध्ये पुरोहितांचा वेगळा वर्ग नाही. मुलगा साधारण बाराव्या वर्षी डीकन होतो, मोठेपणी एल्डर. प्रभुभोजन वाटणं, बाप्तिस्मा देणं, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणं, स्थानिक मंडळीचं नेतृत्व, सगळं त्या पदावर अवलंबून. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पुरुषाला जे मिळतं, तेच कृष्णवर्णीयांना वंशामुळे नाकारलं गेलं. शिवाय मंदिरातले मुख्य विधी आणि अनंतकाळचा (मृत्यूनंतरही टिकतो असं मानलेला) विवाह यांतूनही कृष्णवर्णीय वगळले गेले, स्त्रियासुद्धा. हा भाग बहुतेक लोक विसरतात.

इलायजा एबल हे कृष्णवर्णीय सभासद १८३६ मध्ये एल्डर झाले. १८४७ मध्ये चर्चचे तेव्हाचे नेते ब्रिगम यंग यांनीच लोवेल शहरातल्या वॉकर लुईस या कृष्णवर्णीय एल्डरची तारीफ केली होती. पाच वर्षांत तेच यंग युटाच्या विधिमंडळात बंदी जाहीर करत होते, आणि त्याच अधिवेशनात तिथे गुलामगिरीला कायदेशीर मान्यताही मिळाली. आधार काय, तर केनचा शाप: बायबलमध्ये भावाचा खून करणाऱ्या केनला देवानं शाप दिला, आणि कृष्णवर्णीय त्याचेच वंशज, असा समज. गुलामगिरीचे समर्थक अमेरिकेत आधीपासून हेच सांगत होते.

एबल यांचं पद चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी काढून घेतलं होतं, असा दावा १८७९ मध्ये झाला. एबल यांनी प्रमाणपत्रं दाखवली आणि पद शाबूत राहिलं. त्या वेळी संस्थापकांचे पुतणे जोसेफ एफ. स्मिथ यांनी त्यांची बाजू घेतली होती. १९०८ मध्ये, चर्चचे अध्यक्ष असताना, त्यांनीच ते पद रद्द झालं होतं असं सांगितलं. एबल तोवर वारले होते. प्रतिवाद कोण करणार?

जेन मॅनिंग जेम्स यांची कहाणी मला सर्वांत जास्त सलते. जोसेफ स्मिथ यांच्या घरी राहिलेल्या या कृष्णवर्णीय बाईंनी मंदिरविधीसाठी वर्षानुवर्षं अर्ज केले. १८९४ मध्ये उत्तर मिळालं ते असं: अनंतकाळासाठी स्मिथ कुटुंबाची सेविका म्हणून त्यांना जोडण्यात आलं. त्या विधीलाही त्यांना मंदिरात येऊ दिलं नाही. त्यांच्या जागी एक गोरी बाई उभी राहिली.

१९४९ मध्ये चर्चच्या सर्वोच्च नेत्यांनी लेखी सांगितलं की ही प्रभूची थेट आज्ञा आहे. १९७३ मध्ये लेस्टर बुश या अभ्यासकांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की तसा मूळ आदेश सापडतच नाही.

मग बंदी १९७८ मध्येच का उठली? नागरी हक्क चळवळीचा दबाव होताच, पण खरी अडचण ब्राझीलमध्ये झाली. साओ पाउलोचं मंदिर १९७५ मध्ये जाहीर झालं होतं. मिश्र वंशाच्या देशात कोणाच्या पूर्वजांत आफ्रिकी कोण, हे कसं ठरवायचं? हेल्वेसिओ मार्टिन्स यांच्यासारखे कृष्णवर्णीय सभासद त्याच मंदिरासाठी राबत होते. चर्चच्या सांगण्यानुसार, १ जूनला अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल आणि सहकाऱ्यांना बंदी उठवण्याचं प्रकटीकरण (देवाचा संदेश) झालं, ९ जूनला ते जाहीर झालं, ११ जूनला जोसेफ फ्रीमन हे कृष्णवर्णीय सभासद एल्डर झाले.

या विषयावर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चर्चनं शापाचे सिद्धांत नाकारले. बंदीच चूक होती, असं मात्र त्यात स्पष्ट म्हटलेलं नाही, आणि माफीही मागितलेली नाही. माझ्या मते ती मागायला हवी.