भोगवे ते निवती, पाण्याच्या बाजूने

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं भोगवे मला लहानपणापासून माहीत आहे. आजोळ परुळ्याला, त्यामुळे मे महिन्यात एकदा तरी भोगव्याच्या किनाऱ्यावर जाणं व्हायचंच, आणि किल्ले निवतीवर चढून खाली समुद्र बघणं पण व्हायचं. पण या दोन्हींच्या मधे जो कड्यांचा पट्टा आहे ना, तो मी कधी बघितलाच नव्हता, कारण तो जमिनीवरून दिसतच नाही. वर झाडी, खाली थेट पाणी. तो बघायचा तर पाण्यातूनच जायला पाहिजे. या फेब्रुवारीत शेवटी गेलो, पाच जण, चार कयाक (वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होड्या). मामेभाऊ, शाळेतली मैत्रीण आणि तिचा नवरा (ते दोघं डबल कयाकमधे), ऑफिसातला एक मित्र जो आधी फक्त धरणाच्या पाण्यात कयाकिंग करत होता, आणि मी.

दिवस मामेभावाने ठरवला, तो पण कालनिर्णय बघून. आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीवरून करतात, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. आम्ही शुक्ल सप्तमी धरली, म्हणजे सात पाऊणे सव्वापाच, पहाटे सव्वापाचला भरती आणि साडेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. वेळ थोडी इकडे तिकडे होते पण होडीवाल्यांचं काम त्यावर चालतं. शिवाय सप्तमी-अष्टमी म्हणजे भांगाची भरती, पाणी फार चढत-उतरत नाही, ओढ कमी असते. पौर्णिमेच्या उधाणात पहिल्यांदा खडकांजवळ जायचं नाही हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

सात वाजता पाण्यात उतरलो तेव्हा समुद्र तलावासारखा होता. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो अगदी हलका असतो आणि लाटा दाबून ठेवतो. किनाऱ्यावर एक काका जाळं निवडत बसले होते, आमच्या कयाक बघून म्हणाले, "अकराच्या आत परता हां, मगे वारो सोडूचो नाय." आम्ही हो हो म्हटलं.

जाताना सगळं सोपं होतं. भोगव्याची वाळू संपली की वर लाल जांभा आणि खाली पिवळसर-काळपट खडक सुरू होतात, सकाळचं ऊन वर चढलं की ते पिवळे भाग खरंच सोन्यासारखे दिसतात. आणि आवाज! किनाऱ्यावर लाटेचा आवाज एकसारखा येतो, इथे तसं नाही, एखाद्या कपारीत पाणी शिरलं की आतून ढोल वाजल्यासारखा घुमतो आणि मग सुस्कारा टाकत बाहेर येतं. आम्ही वल्हं थांबवून नुसतं ऐकत बसलो. खडकांवर पाण्याच्या रेषेला कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तिथे हात टेकवायचा नाही.

एका ठिकाणी मामेभावाने सगळ्यांना लांब थांबवलं. मला काहीच दिसत नव्हतं, साधं हिरवं पाणी. तो म्हणाला, बघत रहा. पाच-सहा लाटा आल्या आणि गेल्या, काही नाही. मग एक जरा मोठी आली, तिच्या पुढचं पाणी एकदम खाली ओढलं गेलं, तपकिरी शेवाळाचा एक पाठीसारखा खडक क्षणभर वर आला, आणि त्यावर ती लाट धाडकन फुटून पांढरीफेक झाली. परत पाणी सपाट. असे बुडते खडक हाच या किनाऱ्याचा खरा धोका आहे, कारण छोटी लाट त्यांच्यावर फुटतच नाही. इथून उत्तरेला मालवणला महाराजांनी १६६४ मधे सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो अशाच खडपांच्या मधे, वाट माहीत नसलेलं जहाज आत येऊच शकत नाही. हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण कयाकमधे बसून तो एक खडक वर येताना बघितला तेव्हा समजलं की जागा निवडणारा माणूस पाण्याकडे किती बारकाईने बघत असेल.

निवतीला पोचलो, किल्ल्याच्या पायथ्याशी छोट्या किनाऱ्यावर कयाक ओढल्या, घावणे आणि चटणी खाल्ली. लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरचं दीपगृह दिसत होतं. दोनदा गादे पण दिसले, म्हणजे डॉल्फिन, पाठ वर काढून सावकाश जाणारे. आणि तिथे वेळ गेला. निघालो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

परतताना आपण उत्तरेला जातो आणि दुपारचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे थेट तोंडावर. पाऊण तासापूर्वी सपाट असलेलं पाणी आता उचलायला लागलं होतं. शिवाय कड्याजवळ लाट आपटून परत फिरते, ती येणाऱ्या लाटेला भिडते, आणि मधलं पाणी नुसतं उभं उडतं, त्याला दिशाच नसते. तिथून बाहेर, कड्यापासून चांगलं लांब राहायचं. धरणात शिकलेला आमचा मित्र नुसत्या हातांनी वल्हवत होता, दहा मिनिटांत खांदे भरून आले त्याचे. मग मैत्रिणीने त्याला ओरडून सांगितलं, कमरेतून वळ, पोटाने ओढ, हात नुसते धरून ठेव. तेव्हा कुठे लयीत आला.

अर्ध्या वाटेत माझं लक्ष मामेभावाच्या कयाककडे गेलं. मागचं टोक पाण्यात बसलं होतं. तो म्हणाला मघापासून जड लागतेय, वळतच नाही. शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि दोन खडकांच्या मधे वाळूचा एक तुकडा होता तिथे मोठी लाट गेल्यावर एकेक करून आत शिरलो. कयाक तिरकी उभी केली तर मागच्या बुचातून, म्हणजे आत साचलेलं पाणी काढायला असतं त्या झाकणातून, पाणी येतच राहिलं, येतच राहिलं, तीन-चार बादल्या तरी असेल. बुचाची रबरी चकतीच नव्हती. भाड्याने घेताना आम्ही लाइफ जॅकेट, वल्ही, सगळं तपासलं, बूच फिरवून बघितलं नाही. आतून पोकळ असलेल्या कयाकमधे पाणी भरलं की ते लाटेबरोबर आत इकडून तिकडे पळतं आणि नेमकं कलंडायच्या वेळी त्याच बाजूला जमा होतं. कड्याखाली ती उलटली असती तर काय, हा विचार तेव्हा कोणी बोललं नाही, पण मामेभावाचा चेहरा मी बघितला. घावण्याची प्लास्टिकची पिशवी होती, तिची पट्टी फाडून बुचाच्या आट्यांना दोन वेढे दिले आणि पिळून घट्ट बसवलं. टिकलं.

जायला पाऊण तास लागला होता, यायला दोन तास. शेवटी भोगव्याची वाळू दिसली तेव्हा मैत्रीण रडत होती आणि हसत पण होती, माझ्या अंगठ्याच्या बेचक्यातले फोड फुटून मीठ चुरचुरत होतं.

काका अजून तिथेच होते, आता जाळं दुमडून ठेवलेलं. त्यांनी काही विचारलं नाही. उठून पाण्यात आले, माझ्या कयाकचं पुढचं टोक धरलं आणि लाटेबरोबर वर ओढून घेतलं.